शर्यतीची तारीख कुणाची?

नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक सपाट नाही, कारण तो बांधता बांधता पैसे संपले. एनॉक स्टेली हा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्क्स काउंटीचा माणूस. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याने शेजारच्या साऊथ कॅरोलायनात मोटारींची शर्यत पाहिली. आपल्या गावातही हे व्हायला हवं, असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने भागीदार जमवले. हाताशी भांडवल होतं दीड हजार डॉलर. जमीन पुरती समतल होण्याआधीच ते आटलं, तेव्हा जशी होती तशा जमिनीवर ट्रॅक उभा राहिला. त्यामुळे प्रेक्षकांच्या समोरचा सरळ भाग उताराचा झाला आणि पलीकडचा चढाचा. पूर्ण फेरी 0.625 मैलांची, म्हणजे जेमतेम एक किलोमीटर.

हा उणेपणाच पुढे त्या ट्रॅकची ओळख ठरला. उतारावरून पहिल्या वळणात शिरताना गाडी आपसूक वेग घेते, ब्रेक लवकर आणि जोरात दाबावा लागतो. दुसऱ्या वळणातून बाहेर पडलं की समोर चढ, तिथे इंजिनाची ताकद कामाला येते. उतारासाठी जुळवलेली गाडी चढावर सुस्तावते आणि चढासाठी जुळवलेली उतारावर हाताबाहेर जाते. त्यात कित्येक वर्षं टायर झिजवणारं जुनं डांबर होतं. अशा जागी नुसत्या वेगाने कोणी जिंकत नाही; गाडी राखून चालवणारा जिंकतो. आराखड्यानुसार काटेकोर बांधलेले कितीतरी ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, एकमेकांसारखे दिसतात आणि एकमेकांसारखेच चालतात. हा मात्र ड्रायव्हरला डोळे मिटूनही ओळखू येईल.

18 मे 1947 रोजी इथे पहिली शर्यत झाली. तीनेक हजार लोक येतील असा अंदाज होता, दहा हजारांहून जास्त आले. आज अमेरिकेतल्या स्टॉक कार, म्हणजे रोजच्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या, शर्यती भरवणारी मुख्य संस्था नॅसकार तेव्हा जन्मलीही नव्हती. तिची पहिली बैठक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या एका हॉटेलात झाली. 1949 साली नॅसकारच्या मुख्य मालिकेचा पहिला हंगाम झाला, त्यात अवघ्या आठ शर्यती होत्या. आठवी, शेवटची, नॉर्थ विल्क्सबरोला झाली आणि ती बॉब फ्लॉकने जिंकली.

पहिल्याच दिवशी एवढे लोक आले कुठून? उत्तर आजूबाजूच्या डोंगरांत आहे. विल्क्स काउंटी हातभट्टीच्या दारूसाठी देशभर कुप्रसिद्ध होती. ओढ्याकाठी भट्टी लावायची आणि तयार माल रातोरात गाडीतून शहरात पोचवायचा, यावर तिथल्या गरीब डोंगरी घरांच्या चुली पेटत. या गाड्या बाहेरून चारचौघींसारख्या साध्या. आत मात्र इंजिन वाढवलेलं आणि मागच्या स्प्रिंग जाड केलेल्या, म्हणजे माल भरल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसून अबकारीवाल्यांना संशय येऊ नये. वळणावळणाच्या कच्च्या रस्त्यावर रात्री पोलिसांना चुकवून गाडी हाणणाऱ्या पोरांना दिवसाढवळ्या तेव्हाच्या मातीच्या ट्रॅकवर एकमेकांशी भिडायला काय अवघड? प्रेक्षकांत त्यांचे भाऊबंद होते, शेजारी होते, कधीकधी त्यांचा पाठलाग करणारेही असत.

ज्युनिअर जॉन्सन हा या मातीतला सगळ्यात मोठा माणूस. नॉर्थ विल्क्सबरोला आपण पहिल्यांदा कसे उतरलो, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं. तो शेतात खेचराच्या नांगरामागे अनवाणी चालत होता. भाऊ आला आणि म्हणाला, शर्यतीत गाडी चालवशील का? जॉन्सन घरी जाऊन बूट घालून आला आणि त्या दिवशी दुसरा आला. रस्त्यावर तो कधीच पोलिसांच्या हाती लागला नाही. 1956 साली पकडला गेला तो वडिलांच्या भट्टीवर, आणि अकरा महिने ओहायोच्या तुरुंगात काढून आला. त्यानंतरही त्याने गाडी सोडली नाही. नॅसकारच्या मुख्य मालिकेत त्याच्या नावावर 50 विजय आहेत आणि संघमालक म्हणून सहा अजिंक्यपदं. 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याचा गुन्हा माफ केला.

एनॉक स्टेलीने जवळजवळ पन्नास वर्षं हा ट्रॅक सांभाळला तो सामान्य प्रेक्षकाकडे पाहून. तिकीट महाग करायचं नाही, हे त्याचं धोरण. बाकी ट्रॅकवाल्यांनी बड्या पाहुण्यांसाठी काचेच्या खोल्या बांधल्या, आसनं दुप्पट केली. हा मात्र होता तसाच राहिला. टीव्हीचा पैसा आला, मोठ्या शहरांना नॅसकार हवीशी झाली, आणि डोंगरातल्या लहान गावातला ट्रॅक हिशेबात बसेना. तरी तोवर वर्षाला दोन शर्यती होत होत्या, लोक येत होते. मे 1995 मध्ये स्टेली वारला. दोन कुटुंबांकडे निम्मी-निम्मी मालकी होती, ती वर्षभरात विकली गेली. निम्मा भाग बड्या ट्रॅकमालक ब्रूटन स्मिथने घेतला, निम्मा न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकमालकाने.

दोघांना नॉर्थ विल्क्सबरोची जमीन नको होती, तारखा हव्या होत्या. नॅसकारच्या वार्षिक वेळापत्रकात जागा मिळवणं महाकठीण, आणि इथे दोन जागा होत्या. एक तारीख टेक्ससमध्ये फोर्टवर्थजवळ स्मिथ बांधत असलेल्या दीड मैलाच्या नव्या कोऱ्या ट्रॅककडे गेली, दुसरी न्यू हॅम्पशायरला. 29 सप्टेंबर 1996 रोजी शेवटची शर्यत झाली, जेफ गॉर्डनने जिंकली, आणि दरवाजाला कुलूप लागलं.

हे सगळं कायदेशीर होतं. मी स्मिथला खलनायक म्हणणार नाही. धंदेवाल्याने धंदा केला. पण जो नियम हे होऊ देतो तो चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे गावच्या जत्रेची तिथी आणि त्या तिथीला भरणारा कुस्त्यांचा फड कोणी पैसेवाला विकत घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ शकत नाही. ती तिथी कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नसतेच. नॉर्थ विल्क्सबरोच्या दोन तारखा पन्नास वर्षांत तिथल्या लोकांनी घडवल्या होत्या. तिकीट काढून, धुरळा खाऊन, मोटेल आणि खानावळी चालवून. कागदावर मात्र त्या मालकाच्या खिशातल्या होत्या. ट्रॅक बंद पडला तो गर्दी आटली म्हणून नव्हे, त्याच्या तारखा उचलून नेल्या म्हणून.

पुढची पंधरा-वीस वर्षं पाहवत नाहीत. स्टँडच्या पायऱ्यांतून झाडं उगवली, फळ्या कुजल्या, डांबराच्या भेगांत गवत माजलं. 2010-11 मध्ये काही छोट्या शर्यती झाल्या, पुन्हा कुलूप. गावातले आणि बाहेरचे चाहते अर्ज करत राहिले, पैसे जमवत राहिले. डिसेंबर 2019 मध्ये नॅसकारचा नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनिअर चार माणसं घेऊन तिथे गेला आणि सगळ्यांनी मिळून गवत उपटलं, ट्रॅक झाडला. कशासाठी? लेझरने ट्रॅकची मापं घेऊन संगणकावरच्या शर्यतींत तो जिवंत ठेवता यावा म्हणून. प्रत्यक्षात तो वाचेल अशी आशा बहुधा त्यालाही नव्हती. त्याच महिन्यात ज्युनिअर जॉन्सन गेला.

मग करोना आला. मे 2020 मध्ये घरात अडकलेल्या नॅसकारच्या ड्रायव्हरांनी या आभासी ट्रॅकवर शर्यत केली आणि ती टीव्हीवर दिसली. एका पिढीला हे नाव नव्याने कळलं. 2021 च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायना सरकारने करोना मदतनिधीतून या ट्रॅकसाठी 1 कोटी 80 लाख डॉलर मंजूर केले. तोवर सगळी मालकी स्मिथच्या कंपनीकडे आली होती आणि कारभार मुलगा मार्कस पाहत होता. बापाने बंद केलेला ट्रॅक मुलाने उघडला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. ऑगस्ट 2022 मध्ये 1981 सालच्या त्याच जुन्या डांबरावर पुन्हा गाड्या धावल्या. अर्नहार्ट स्वतः उतरला आणि तिसरा आला. 21 मे 2023 रोजी नॅसकारची ऑल-स्टार शर्यत इथे झाली; तिला अजिंक्यपदाचे गुण नसतात. काइल लार्सनने सुरुवातीलाच नवे टायर घेतले, पण पिटमधली, म्हणजे टायर बदलायला थांबतात तिथली, वेगमर्यादा मोडल्याबद्दल तो सगळ्यांच्या मागे टाकला गेला. झिजलेल्या डांबरावर इतरांचे टायर ढेपाळत होते आणि तो एकेकाला मागे टाकत पुढे आला. 200 पैकी 145 फेऱ्यांत आघाडीवर राहून तो जिंकला. 2024 मध्ये स्टँडखाली सुमारे 700 चौरस फुटांची पोकळी सापडली. ती जुन्या भट्टीची जागा असावी, असं ट्रॅकवाल्यांना वाटतं. विल्क्समध्ये हे ऐकून कोणाला फारसं नवल वाटलं नसेल.

आता 2026 च्या वेळापत्रकात जुलैमध्ये अजिंक्यपदाच्या गुणांची शर्यत इथे ठेवली गेली. 1996 नंतर पहिल्यांदाच. मला याचा मनापासून आनंद आहे, आणि याच क्षणी मला धास्तीही वाटते. ट्रॅक पुन्हा उभा राहिला खरा, पण तारीख अजूनही वरून दिलेली आहे. नॅसकारने उद्या ती दुसऱ्या शहराच्या झोळीत टाकली, तर पायऱ्यांत झाडं उगवायला दहा वर्षंही लागणार नाहीत. खासगी कंपनीच्या मैदानावर जनतेचा पैसा का, असा आक्षेप घेणाऱ्यांना मी म्हणेन: पैसा जरूर द्या, पण त्या बदल्यात शर्यती अमुक वर्षं इथेच होतील, असं लिहून घ्या. नुसत्या नव्या पायऱ्या आणि नळजोडण्यांसाठी सरकारी पैसा घालणं व्यर्थ आहे.

हे स्वप्नरंजन नाही. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात फेअरग्राउंड्सचा ओव्हल आहे, मोटारींच्या शर्यती तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आल्या. जमीन शहराच्या मालकीची. ती मोकळी करून तिथे दुसरं काही बांधायचा बेत शिजला, तेव्हा 2011 साली लोकांनी मतदान केलं आणि मोठ्या बहुमताने ठरवलं की तिथली जत्रा आणि शर्यती चालूच राहतील. ते शहराच्या सनदेतच लिहिलं गेलं. तिथे मालक शहरच आहे, म्हणून हे सोपं गेलं. विल्क्समध्ये मालक खासगी आहे, तेव्हा तिथे करारच करावा लागेल, आणि तो करायची वेळ आत्ताच आहे, स्टँड भरलेले असताना आणि नॅसकारला या जुन्या ट्रॅकचं कौतुक असताना.