रिकाम्या तक्रारपेटीचा अभिमान कशाला?

जून संपता संपता आमच्याकडे आलेल्या पत्रांतली बरीचशी पत्रे एकाच दिवसाबद्दल आहेत. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, परिपाठात शपथ घ्या, फेरी काढा, फोटो काढा, लिंक भरा आणि सायंकाळी पाचच्या आत अहवाल द्या, असा संदेश बहुतेक तालुक्यांत त्याच दिवशी सकाळी ग्रुपवर पडला. विदर्भातल्या शाळांचे तर पट अजून जुळायचे होते. शपथ झाली, फोटो गेले, लिंक भरली. त्याच लिंकमध्ये शेवटी एक रकाना होता : तक्रारपेटीतून प्राप्त तक्रारींची संख्या. तो भरताना आपल्यापैकी किती जणांनी पेटी उघडून पाहिली?

एका मुख्याध्यापकांनी पाहिली होती. त्यांचे नऊ पानी पत्र समोर आहे. सोबत पेटीत सापडलेल्या चिठ्ठीची झेरॉक्स आहे. वहीच्या मागच्या पानाचा फाडलेला तुकडा, पेन्सिलीचे अक्षर, खाली नाव लिहून नंतर खोडून काळे केलेले. मजकूर तीन ओळींचा : नववीची मुले रोज माझा डबा खातात. मधल्या सुट्टीत मावा आणायला पाठवतात. नाही गेलो की संडासात कोंडतात.

या तीन ओळींत दादागिरी आणि व्यसन हे दोन्ही विषय एकत्र आले आहेत. आपली परिपत्रके मात्र त्यांना दोन वेगळ्या फायलींत ठेवतात. एक फाइल ‘विद्यार्थी सुरक्षा’, दुसरी ‘तंबाखूमुक्त शाळा’, दोन्हींचे नोडल शिक्षक वेगळे. शाळेत प्रत्यक्ष काय घडते ते आपण रोज पाहतो. मोठ्या मुलाला पुडी हवी असते, स्वतः टपरीवर गेला तर कोणीतरी ओळखेल ही भीती असते, म्हणून पाचवीतले पोर पाठवले जाते. ते पोर आधी नकार देते, मग मार खाते, मग आणून देते. काही महिन्यांनी त्याचाही हात पुडीत जातो, कारण खाणाऱ्यांत सामील झाले की मार थांबतो.

या मुख्याध्यापकांनी जे केले ते आपण सर्वांनी शिकण्यासारखे आहे. त्यांनी परिपाठात चिठ्ठी वाचून दाखवली नाही. ‘कोणी लिहिली?’ असे वर्गावर्गांत विचारले नाही. पहिले चार दिवस मधल्या सुट्टीत एका शिक्षकाची बसण्याची जागा बदलून ती स्वच्छतागृहाच्या बाजूला केली, बस्स. कोण कोणाला पाठवतो ते आपोआप दिसले. नववीच्या तिघांशी ते एकेकाशी, वेगवेगळे बोलले. एकत्र उभे करून नाही. तिघांच्या पालकांना वेगवेगळ्या दिवशी बोलावले. लहान मुलाच्या आईला घरी जाऊन भेटले. टपरीवाल्याविरुद्ध पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. आणि महिनाअखेरीच्या तक्त्यात लिहिले : तक्रारी १, निराकरण १.

दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘सर, बाकी सगळ्यांचे निरंक आहे, तुमचेही निरंक करून पाठवा.’ त्यांनी नकार दिला. आठवड्याने नोटीस आली. शाळेत असा प्रकार घडलाच कसा, आपली जबाबदारी का निश्चित करण्यात येऊ नये, खुलासा २४ तासांत सादर करावा, सोबत समितीची इतिवृत्ते, उपस्थितीपत्रके, फोटो, तंबाखूमुक्तीचे प्रमाणपत्र. ज्या माणसाने एका मुलाची सुटका केली, तो पुढचे दहा दिवस खुलाशाचे कागद जोडत बसला. शेजारच्या, पटाने कितीतरी मोठ्या शाळेचा अहवाल तीन वर्षे निरंक आहे. मुख्याध्यापक सभेत तिचे अभिनंदन झाले.

अधिकाऱ्यांना आम्ही स्पष्ट विचारतो : पाचशे मुलांच्या शाळेत वर्षभरात एकाही मुलाचा डबा हिसकावला गेला नाही, एकालाही चिडवून रडवले नाही, एकाच्याही दप्तरात पुडी सापडली नाही, यावर तुमचा विश्वास बसतो का? बसत नसेल, तर तो अहवाल स्वीकारता कसा? आणि बसत असेल, तर शाळेची पायरी चढून किती वर्षे झाली? निरंक अहवालाचा अर्थ इतकाच की त्या शाळेतली मुले मोठ्यांना काही सांगत नाहीत. चौकशी व्हायची तर त्या शाळेची व्हावी.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर निघालेल्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती अशी सगळी व्यवस्था सांगितली. हेतूबद्दल कोणाचे दुमत नाही. अंमलबजावणी अशी झाली की अनेक शाळांत पेटी कार्यालयाच्या दारात, शिपायाच्या स्टुलाशेजारी आणि नेमकी नव्या कॅमेऱ्याखाली टांगली गेली, कारण तपासणीला आलेल्या माणसाला ती लगेच दिसली पाहिजे आणि फोटोत कॅमेरा व पेटी दोन्ही आले पाहिजेत. ज्याला नाव लपवून काही सांगायचे आहे, ते मूल तिथे चिठ्ठी टाकणार नाही. पेटी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात ठेवा, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर आणखी एक ठेवा. कुलूप ठरलेल्या दिवशी उघडा, मग आत काही असो वा नसो. तपासणी अधिकाऱ्याला दिसली नाही म्हणून शेरा आला तर तो येऊ द्या.

मोजल्याशिवाय हा छळ कमी होत नाही, हे जगाला कळून चाळीस वर्षे झाली. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. सोबतच्या मुलांनी केलेला छळ त्यामागे असल्याचे पुढे आले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या शासनाने देशभर मोहीम हाती घेतली. डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञाने बर्गेनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांना आधी नाव न लिहिता प्रश्नावली भरायला दिली : किती वेळा त्रास झाला, कुठे झाला, कोणाला सांगितले? उत्तरांवरून मधल्या सुट्टीतली देखरेख बदलली, वर्गाचे नियम मुलांसोबत ठरवले, दोन्ही बाजूंच्या पालकांशी बोलणी झाली. दोन वर्षांत त्रासाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पहिला आकडा मोठा आला म्हणून तिथे कोणी मुख्याध्यापकांकडून खुलासा मागितला असता, तर दुसरा आकडा खोटाच आला असता.

अशी प्रश्नावली आपल्या शाळेत काढायला अनुदान लागत नाही. अर्ध्या पानावर चार प्रश्न, मराठीच्या तासाला दहा मिनिटे. ‘कुठे’ हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. उत्तरे बहुधा दोन-तीन जागांवरच येतात : संडासामागची भिंत, शाळा सुटल्यावरची एसटीची वाट पाहण्याची जागा, वसतिगृहातला रात्री नऊनंतरचा व्हरांडा. आठवीपासून वर आणखी एक जागा येते, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

आता टपरीबद्दल. तंबाखूविक्रीबंदीच्या शंभर यार्ड हद्दीची पिवळी रेघ आपण पदरचे पैसे घालून मारली. रेघेच्या आत टपरी चालूच आहे. तक्रार केली की २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली दोनशे रुपयांपर्यंतचा दंड होतो; तेवढी कमाई टपरीवाला एका मधल्या सुट्टीत करतो. याहून कडक तरतूद बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७७मध्ये आहे : मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण २०२१च्या दुरुस्तीने या कायद्यातले तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले. म्हणजे शाळेच्या दारात पाचवीतल्या मुलाच्या हातात मावा ठेवणाऱ्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. ठाण्यात गेलेल्या मुख्याध्यापकाच्या हाती एनसीची पावती येते. ही दुरुस्ती संसदेनेच मागे घ्यावी. दिल्लीसह काही राज्यांच्या बालहक्क आयोगांनी हीच मागणी केली आहे आणि आपल्या मुख्याध्यापक संघांनी तिच्यावर एक ओळीचा ठरावही केलेला नाही, याची खंत वाटते.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. अर्जात कलम ७७चा उल्लेख करा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार दंडाधिकाऱ्यांकडे तपासाची परवानगी मागावी, अशी लेखी विनंती त्याच अर्जात घाला. एक प्रत बालकल्याण समितीला द्या. गुटखा असेल तर वेगळे नमूद करा. २०१२पासून राज्यात तो बंद आहे आणि तिथे अन्न व औषध प्रशासनालाही हात घालता येतो. तोंडी तक्रार करून परत येऊ नका.

तंबाखूमुक्तीच्या तक्त्यात जागाच नसलेला एक पदार्थ आहे, तो म्हणजे हुंगण्याचा. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेला देशव्यापी पाहणी अहवाल २०१९मध्ये आला. त्यात प्रौढांपेक्षा मुलांत जास्त प्रमाण आढळलेला हा एकमेव प्रकार. १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८. पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर, सगळे दुकानात उघड मिळते आणि घरातही असते. कपड्यांना येणारा रसायनाचा वास, खिशातला कडक झालेला रुमाल, नाका-तोंडाभोवतीचे पुरळ याकडे वर्गशिक्षकांनी लक्ष ठेवावे. मूल हुंगताना सापडले तर ओरडू नका, मागे धावू नका. त्या अवस्थेत दचकण्याने किंवा पळण्याने हृदयाची लय बिघडून जागीच मृत्यू झाल्याची उदाहरणे आहेत, पहिल्याच वेळी हुंगणाऱ्या मुलांचीही. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत बसवा, दवाखान्यात न्या.

पालकांकडे वळताना आपलीही वृत्ती तपासायला हवी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा कायदा आहे, पण त्या बैठकीत आपण पोषण आहार आणि गणवेशापलीकडे जातो का? पालकसभेत येतात त्या बहुधा आया. मुलाला तंबाखूची पुडी आणायला पाठवणारा बाप येतच नाही. त्याच्याकडे बाजाराच्या दिवशी आपल्याला जावे लागेल. आयांना भाषण नको, प्रश्न द्या. ‘कोणी त्रास देते का?’ याला मूल ‘नाही’ म्हणते. ‘आज डबा कोणासोबत खाल्लास?’ याला काहीतरी उत्तर येते, आणि सलग तीन दिवस ‘एकटाच’ आले तर शाळेत यायला सांगा. डबा रिकामा पण पोर भुकेले, शाळेच्या वेळीच पोटदुखी, हरवणारी पेने, सुट्या पैशांची सारखी मागणी, हे सगळे सांगून ठेवा. आणि ज्याने मारले त्या मुलाच्या पालकांशीही याच आवाजात बोला. त्या घरातही बहुधा कोणीतरी मार खात असते.

आता आपल्यातल्याच काहींबद्दल. व्यसन सापडले की पालकांना बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवणारे मुख्याध्यापक आपल्यात आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकण्यास मनाई आहे, म्हणून ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहून घेतले जाते. त्या मुलाला उद्यापासून टपरीशिवाय जागा उरत नाही आणि ते शाळेच्याच फाटकाबाहेर उभे राहून नवी गिऱ्हाइके जमवते. पूर्णवेळ समुपदेशक आपल्या बहुतेक शाळांना मिळालेला नाही, ही अडचण खरी आहे. पण ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचे मैत्री क्लिनिक आहे, शाळेत दरवर्षी तपासणीला येणारे आरोग्य पथक आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. पुण्यात १९८६पासून उभे असलेले ‘मुक्तांगण’ आहे. दाखला लिहिण्याआधी यांपैकी एकाला तरी फोन करा.

आणि या जुलैत एक काम सर्वांनी मिळून करू या. पेटीची जागा बदला, प्रश्नावली घ्या आणि महिनाअखेरीच्या तक्त्यात खरा आकडा लिहा. तालुक्यातल्या एकानेच लिहिला तर त्याला नोटीस निघते, हे वरच्या पत्रात दिसलेच. चाळीस जणांनी लिहिला तर चाळीस नोटिसा काढायला कोणी बसणार नाही. मुख्याध्यापक संघाच्या तालुका सभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या आणि सर्वांनी एकाच दिवशी अहवाल द्या. तोच आकडा आम्हालाही कळवा. दिवाळीपूर्वी हे सगळे तक्ते एकत्र करून शिक्षण आयुक्तांच्या हाती देण्याची जबाबदारी मासिक घेत आहे. पत्र ३१ ऑगस्टपर्यंत पोहोचावे. शाळेचे, मुलाचे, कोणाचेही नाव नको. तालुका, इयत्ता, त्रासाची जागा आणि संख्या एवढे पुरे.