क्रमवारी बुद्धीची नाही, रिकाम्या वेळेची

मैत्रिणींनो, "पोरींचं गणितात डोकं चालत नाही" हे वाक्य आपल्याला नवं नाही. पूर्वी ते मास्तर म्हणायचे, घरातले म्हणायचे. त्यांच्याशी निदान भांडता तरी यायचं. आता तेच वाक्य रंगीबेरंगी खेळाच्या रूपात मोबाइलवर आलं आहे, आणि यंत्राचा निकाल म्हटल्यावर लोकांना तो खराच वाटतो.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली. पुढे शाळा पुन्हा भरल्या, तरी अभ्यासाची ॲप घरात राहिली. त्यांत धडा म्हणजे खेळ. बरोबर उत्तराला नाणी, पातळी ओलांडली की बिल्ला, रोज न चुकता खेळलं की जादा गुण, आणि शेवटी सगळ्यांची क्रमवारी. कोरेगाव परिसरातल्या मुलींबरोबर काम करताना या क्रमवाऱ्या मी पाहते. वरची नावं बहुतेक मुलग्यांची असतात. आयाच मला म्हणतात, "बघा ताई, मोबाइलच सांगतोय."

काय सांगतोय मोबाइल? रोज खेळायची साखळी कुणाची तुटते? घेवड्याच्या काढणीला आई रानात गेली की भाकरी थापायला आणि धाकट्याला सांभाळायला घरी कोण राहतं? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार, देशात घरकाम करणाऱ्या बायका-मुली त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. फोनचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. घरात फोन एकच असला तर तो आधी भावाच्या हातात. भांडी उरकून बहिणीची पाळी येते तेव्हा डेटा संपलेला असतो. मग ही क्रमवारी बुद्धीची कशी? ती रिकाम्या वेळेची आणि फोनवरच्या हक्काची आहे.

आणि खेळाच्या आत काय दिसतं? मी पाहिलेल्या कित्येक खेळांत तलवार घेतलेला वीर, गाड्यांची शर्यत. मुलगी असलीच तर टाळ्या वाजवायला. हा प्रांत तुझा नाही, हे तिला न बोलता कळतं. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गणिताच्या अवघड चाचणीआधी "या चाचणीत स्त्री-पुरुषांत फरक दिसत नाही" असं सांगितल्यावर मुली मुलांच्या बरोबरीला आल्या. फरक दिसतो असं सांगितलं तिथे मागे पडल्या. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तेवढा दिसला नाही, हेही खरं. पण जी गोष्ट मुलींना जन्मापासून ऐकवली जाते, तिचं ओझं नसतं असं कोण म्हणेल?

पाठ्यपुस्तकांतल्या पाणी भरणाऱ्या आई आणि पेपर वाचणाऱ्या बाबांवर आपण वर्षानुवर्षं बोललो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकांत घरकाम करणारे पुरुष आणि डॉक्टर स्त्रिया दाखवल्या. पुस्तक सगळ्यांसमोर असतं, म्हणून जाब विचारता येतो. ॲपची चित्रं कोण तपासतं? आणि उपाय म्हणून मुलींसाठी वेगळा गुलाबी खेळ कुणी काढणार असेल, तर तोही आपल्याला नको.

मुलींनी खेळू नये, असं माझं म्हणणं नाही. सागरगोटे झेलणाऱ्या पोरींना कुठलाही हिशेब जड नाही. आपली मागणी साधी आहे. वर्गात क्रमवारी वाचून दाखवणं बंद करा. प्रत्येकीची तुलना तिच्याच कालच्या कामाशी करा. ॲपवरचा अभ्यास शाळेच्या वेळेत, शाळेच्या साधनांवर घ्या. शाळेत येणाऱ्या प्रत्येक ॲपची चित्रं आणि नियम पालकसभेत दाखवा. त्या सभेला आपण बायकांनी जायचंच.

आणि घरी? संध्याकाळची भांडी आळीपाळीने. एक दिवस तिची पाळी, एक दिवस त्याची. महिनाभराने क्रमवारी पुन्हा बघू.