मत आपलं, पण रेघ कुणाची?

निवडणूक मतदानाच्या दिवशी सुरू होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचा नकाशा एकदा बघावाच.

या राज्यातून प्रतिनिधीगृहावर सात जण निवडून जातात. कृष्णवर्णीय लोक साधारण २७ टक्के, म्हणजे चार माणसांत एकाहून जास्त. तरी २०२१ च्या फेररचनेत त्यांचं बहुमत असलेला मतदारसंघ ठेवला एकच! राज्याच्या मधून काळ्या मातीचा पट्टा जातो. कापसाच्या मळ्यांत गुलाम राबवले, तोच हा भाग. इथली बरीच वस्ती एका मतदारसंघात कोंबली आणि उरलेली इतरांत विखुरली. मत द्यायला कुणी अडवलं नाही. ते कामाला येणार नाही, याची सोय मात्र आधीच करून ठेवली.

लोक कोर्टात गेले. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ असा त्यांच्या बाजूनं कौल दिला. आधार होता १९६५ चा मतदान हक्क कायदा. तरीही विधिमंडळानं पुन्हा तसाच नकाशा रेटला. शेवटी कोर्टानंच नवा नकाशा करवून घेतला.

नव्या दुसऱ्या मतदारसंघातही कृष्णवर्णीय मतदार निम्म्याहून किंचित कमीच होते. जागा कुणी ताटात वाढून दिली नव्हती, मतदानाला बाहेर पडावंच लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथून शोमारी फिगर्स जिंकले. टेरी सेवेल आधीपासून होत्याच. एकाच वेळी दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी, हे राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

आपला इतिहास वेगळा, कायदाही वेगळा. आपल्याकडं रेघा आयोग ओढतो. पण २००८ मध्ये उचगाव मतदारसंघ नकाशावरून गेला, तेव्हा काय बदललं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. २०२६ नंतरच्या जनगणनेवर पुढची फेररचना व्हायची आहे. मागच्या खेपेच्या कायद्यात मसुदा जाहीर करून हरकती ऐकायची तरतूद होती. तशी संधी आली, तर भाषेचे आकडे, गावांची यादी, नकाशा घेऊन कोण उभं राहणार?

मला वाटतं, घोषणा देणारे आपल्याकडं भरपूर आहेत. आता नकाशा वाचणारी पोरं पाहिजेत. अलाबामात लढाई त्यांनीच जिंकली.