मोजमापाची महती

वैशाखांत जळगांव-धुळ्याकडे ऊन असह्य झालें म्हणजे ‘किती हा ताप!’ असा उद्गार घरोघरीं निघतो. परंतु ‘किती’ या प्रश्नाचें अचूक उत्तर देणें हें शास्त्राचें काम होय. तें काम आपल्या देशांत ज्यांनीं निष्ठेनें केलें, त्यांत ॲना मणि या विदुषीचें नांव अग्रभागीं शोभतें.

त्यांचा जन्म १९१८ सालीं त्रावणकोरांत झाला. बंगळूर येथें रामन यांच्या हाताखालीं त्यांनीं हिऱ्यामाणकांच्या प्रकाशगुणांचें संशोधन केलें; परंतु एम्.ए. झालेल्या नाहींत म्हणून विद्यापीठानें त्यांस डॉक्टरेट दिली नाहीं. पुढें विलायतेस हवामानयंत्रांचा अभ्यास करून १९४८ सालीं त्या पुण्यास हवामान खात्यांत रुजू झाल्या. साधीं यंत्रेंही परदेशांतून येत, अशा काळांत सुमारें १०० यंत्रांचे प्रमाणभूत आराखडे त्यांनीं सिद्ध केले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षांत सूर्याची उष्णता मोजणारीं केंद्रेंही त्यांनीं देशांत उभारलीं.

शोधकाची कीर्ति होते, मोजणाऱ्याची होत नाहीं. आमच्या मतें हा अन्याय आहे. माप चुकलें कीं त्यावरील सारें अनुमान ढासळतें. आज साक्री तालुक्यांत ऊन व वारा यांपासून वीज निर्माण होते; अशीं स्थळें निवडावयास अचूक मापेंच लागतात.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक व सावलींत एक तापमापक ठेवून रोज ठराविक वेळीं नोंद करा. त्यास पदवी लागत नाहीं. नियमितपणा मात्र लागतो.