चौपन्न मैलांची वर्गणी



लंडन ते ब्रायटन अशी सायकलफेरी आम्ही पूर्ण केल्याचा ओझरता उल्लेख मागे एका लेखात आला होता. त्यावर बरीच पत्रे आली. येरवड्याच्या एका भगिनीने विचारले आहे, "दादा, सायकल चालवल्याबद्दल लोक पैसे का देतात? आणि पैसे द्यायचेच असतील तर माणसाला एवढे दमवायचे कशाला?" प्रश्न सरळ आहे आणि आम्हालाही इकडे आल्यावर पहिली काही वर्षे हाच पडलेला होता. तेव्हा आज त्याबद्दलच लिहितो.

आपल्याकडे जयंतीची वर्गणी कशी गोळा होते हे तुम्हाला सांगायला नको. पावतीपुस्तक घेऊन पोरे दारोदार फिरतात, घर बघून आकडा सांगतात, कोणी देतो, कोणी उद्या या म्हणतो. इकडची पद्धत जरा निराळी आहे. वर्गणी मागणारा आधी सांगतो, मी अमुक एक कष्टाचे काम करणार आहे. चौपन्न मैल सायकल चालवणार आहे, किंवा धावणार आहे, किंवा डोंगर चढणार आहे. माझ्या त्या कष्टाच्या नावाने तुम्ही अमुक संस्थेला पैसे द्या. पूर्वी यासाठी एक छापील कागद असे. त्यावर नाव, पत्ता, रक्कम लिहून घ्यायची आणि काम पूर्ण झाल्यावर वसुलीला जायचे. आता बहुतेक लोक मोबाईलवरूनच भरतात, पण आमच्या कामाच्या ठिकाणी आम्ही जुन्या पद्धतीची वहीच फिरवली.

ही सायकलफेरी १९७६ पासून होते आहे. सुरुवातीला मोजकेच लोक होते. १९८० पासून तिचा पैसा ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या संस्थेला जाऊ लागला. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था हृदयरोगावरील संशोधनाला पैसा पुरवते. जूनमधल्या एका रविवारी हजारो लोक लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन या मैदानातून निघतात आणि दक्षिणेला समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात पोचतात. अंतर ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर. पुण्याहून सातारा रस्त्याने निघून खंबाटकी घाट ओलांडून पुढे जावे, एवढे. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही.

आता खरे सांगायचे तर 'चॅरिटी' हा शब्द आम्हाला फारसा आवडत नाही. त्यात देणारा वर आणि घेणारा खाली असा वास येतो, आणि तो वास आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ घेतला आहे. आजाऱ्याचा उपचार कोणाच्या दयेवर असू नये, तो सरकारने करातून करावा, या मताचे आम्ही आहोत. इंग्लंडने १९४८ पासून ते बऱ्याच अंशी करून दाखवले. पण नवे औषध शोधणे, एखाद्या जुन्या औषधाचा उपयोग हजारो रोग्यांवर तपासून बघणे, याला लागणारा पैसा कमीच पडतो. तिथे अशी वर्गणी कामी येते. ती आम्ही भीक मानत नाही. ती पुढच्या माणसासाठी काढलेली पट्टी आहे.

आणि यात आमचे स्वतःचेही एक कारण होते.

आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. येरवडा ते खडकी, रोज सायकलने. काळी, चोवीस इंची, मागे कॅरेज, दांड्याला कापडी पिशवी, त्यात डबा. पुण्यात तेव्हा पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळी रस्ताभर सायकलीच सायकली असत. त्या कोणी हौसेने चालवत नव्हते. बसचे पैसे वाचायचे म्हणून चालवत होते. १९८६ साली एका रात्री वडिलांच्या छातीत कळ आली. घरात सर्वांनी गॅस झाला म्हटले. ओवा दिला, खाण्याचा सोडा दिला. पहाटे घाम येत होता तरी खाडा नको म्हणून ते सायकल काढून कामावर गेले. दहाच्या सुमारास सोबतच्या कामगारांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. दुपारी ते गेले. वय एक्कावन्न. त्या काळात हाताशी जे होते ते तिथल्या लोकांनी केले.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९८८ साली, ऑक्सफर्डच्या एका मोठ्या तपासणीचा निकाल प्रसिद्ध झाला. तिचे नाव आयसिस-२. सोळा देशांतील ४१७ इस्पितळांत, हृदयविकाराचा झटका आलेला असावा अशा १७,१८७ रोग्यांवर ती झाली. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत काहींना साधी ॲस्पिरिन दिली, काहींना रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध दिले, काहींना दोन्ही, आणि काहींना दोन्हीपैकी एकही नाही. पाच आठवड्यांनी पाहिले, तर काहीच न मिळालेल्या शंभरांमागे तेरा जण दगावले होते. दोन्ही मिळालेल्या शंभरांमागे आठ. ॲस्पिरिन ही तेव्हाही पैशा-दोन पैशांची गोळी होती. ती उपयोगी आहे हे इतक्या खात्रीने सांगता येण्यासाठी मात्र एवढा खटाटोप करावा लागला. ही तपासणी चालवणाऱ्यांपैकी एक होते प्राध्यापक पीटर स्लाइट. ऑक्सफर्डमधील त्यांच्या अध्यासनाला याच ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा आधार होता. ही माहिती आम्हाला कळली तेव्हा सायकलफेरीचा अर्ज घरात येऊन पडला होता. थोरल्या मुलीने आणला होता. आम्ही त्यावर सही केली.

वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि सायकल सोडून वीस वर्षे झालेली. म्हणून आधी डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घेतली. चाळिशीनंतर असे काही मनात आणणाऱ्या प्रत्येकाने हे करावेच. मग सेकंडहँड सायकल घेतली, गिअरची. मार्चपासून दर रविवारी साऊथॉलजवळच्या कालव्याच्या काठाने सराव सुरू केला. आधी दहा मैल, मग पंधरा, मग वीस. मे महिन्यात एकदा पस्तीस झाले. पंक्चर काढणे मुलीला शिकवले. हे काम वडिलांनी आम्हाला वयाच्या आठव्या वर्षी परातीत पाणी घेऊन शिकवले होते, त्यामुळे या एका बाबतीत तरी आमचा घरात मान वाढला. पायांपेक्षा जास्त त्रास बैठकीला होतो, हे मात्र कोणी आधी सांगत नाही.

परंतु सरावापेक्षा आमच्या लक्षात राहिली ती वही. आम्ही एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला आहोत. तिथे पंजाबी आहेत, जमैकाचे आहेत, पोलंडचे आहेत, जाफन्याचे तमिळ आहेत. वही पुढे केली की पाच पौंड लिहिता लिहिता माणूस बोलू लागे. एकाचा भाऊ पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेला. भांडी धुणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी झटका आलेला, तो अजून कामावर गेलेला नाही, आणि हे आम्हाला सात वर्षे शेजारी उभे राहूनही ठाऊक नव्हते. कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराने तर शर्टाची वरची बटणे सोडून छातीवरचा व्रण दाखवला आणि वीस पौंड लिहिले. भगिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे सापडले. नुसते पैसे मागितले असते तर त्यांनी दिलेही असते, पण हे बोलणे झाले नसते. कोणी तरी आपल्यासाठी घाम गाळायला निघाला आहे म्हटल्यावर माणूस आपलेही काही उघडे करतो.

या बोलण्यात आपल्या मुलखातल्या लोकांची नावे जास्त होती, हा योगायोग नव्हे. २००४ साली बावन्न देशांतील रोग्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील माहितीवरून २००७ साली दाखवले गेले की, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या भागातील लोकांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना एकोणसाठाव्या. आणि कारणे काही गूढ नाहीत. तंबाखू, रक्तदाब, साखर, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव. तंबाखूची चंची अजून खिशात बाळगणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, ही विनंती.

आता फेरीविषयी. २०२४ च्या जूनमधला रविवार. पहाटे चारला उठून सहचारिणीने बटाट्याच्या सुक्या भाजीच्या पोळ्यांच्या गुंडाळ्या करून दिल्या. सोबत केळी आणि गूळ-शेंगदाणे. सकाळी सहापासून लोकांना तुकड्यातुकड्यांनी सोडतात. मिचम, कारशाल्टन हा लंडनचा भाग गर्दीतच गेला. सिग्नलला थांबायचे, उतरायचे, पुन्हा बसायचे. पुढे शेते लागली आणि रस्ता अरुंद झाला. टर्नर्स हिल नावाच्या गावी दम काढणारा चढ आहे. तिथे गावातील लोक टेबले मांडून चहा-केक विकत होते. चर्चचे छप्पर, शाळेचे मैदान, असे काहीतरी त्यांचेही काम त्या पैशातून होते. आर्डिंग्ली, हेवर्ड्‌स हीथ ही गावे मागे पडली. लोक दारात खुर्च्या टाकून बसलेले, लहान मुले हात पुढे करून टाळी मागणारी. एका आजोबांनी पाइपने पाणी उडवले, ते बरे वाटले.

पण सगळी बोलणी ज्याच्याविषयी चालतात तो चढ शेवटी आहे. डिचलिंग बीकन. पंचेचाळीस मैल झाल्यावर, पाय शिजून निघाल्यावर, एकदम मैलभराची खडी चढण. माथा २४८ मीटर उंच. आपल्या घाटांपुढे ही उंची काहीच नाही, पण रस्ता झाडीतून वळत वळत वर जातो आणि पुढच्या वळणाला संपेल असे वाटता वाटता संपत नाही. बहुतेक लोक उतरून चालत होते. आम्ही दोन वळणे पायडल मारले, मग उतरलो. मुलगी पुढे गेली. शेजारून एक पन्नाशीच्या बाई सायकल ढकलत होत्या. त्यांच्या पाठीवर एका तरुणाचा फोटो शिवलेला, खाली दोन तारखा. आम्ही काही विचारले नाही. त्यांनी आमच्या पाठीकडे पाहिले. तिथे मुलीने वडिलांचे नाव मराठीत लिहून चिकटवले होते. "हे काय लिहिले आहे?" त्यांनी विचारले. आम्ही नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले, दुसऱ्या वेळी बरोबर जमले. मग दोघेही न बोलता वर गेलो.

माथ्यावर आइस्क्रीमची गाडी उभी असते आणि समोर समुद्र दिसतो. तिथून उतार. मदेरा ड्राइव्हला समुद्राच्या कडेने लोक दुतर्फा टाळ्या वाजवत उभे होते. एक बिल्ला मिळाला. तो पुण्याला आईकडे पाठवला आहे. परत येताना आगगाडीत त्या दिवशी सायकली घेत नाहीत, तेव्हा सायकली ट्रकमधून आणि आम्ही बसमधून, असे रात्री लंडनला पोचलो. बसमध्ये सगळे झोपले होते.

ज्या मातांनी-भगिनींनी पत्रात घरच्या दुखण्याविषयी लिहिले आहे त्यांच्यासाठी एवढे. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, घाम, मळमळ, धाप, हे सोड्याने बसण्याची वाट बघत बसू नका. बायकांमध्ये आणि साखरेच्या रोग्यांमध्ये कळ थोडीच किंवा अजिबात नसू शकते, नुसताच दम लागतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हृदयाचा आलेख काढून घ्या, आणि रोग्याला चालवत किंवा सायकलवर बसवून नेऊ नका. ॲस्पिरिनविषयी वर वाचून कोणी रोज आपल्या मनाने गोळी सुरू करू नये. काहींना तिने पोटात रक्तस्राव होतो, ते डॉक्टरने ठरवायचे.

वहीत एकूण चारशे बारा पौंड लिहिले गेले. वसुली जवळजवळ झाली. दोघांचे राहिले आहेत. एक रात्रपाळीला असतो म्हणून भेटत नाही, आणि दुसरा म्हणतो की चढावर तुम्ही उतरलात, तेव्हा एक मैल कापून पैसे देईन. त्याच्याशी तडजोड चालू आहे.