याला बलिदान म्हणायचे का?

आमचे वडील मलकापुरात हायवेच्या कडेला वेल्डिंगचे काम करतात. डिझेलची रिकामी टाकी आली, की ते आधी ती पाण्याने भरून घेतात. "मोकळी टाकी लई वाईट, आत वाफ असतीय," हे त्यांचे म्हणणे. शाळा त्यांनी चौथीत सोडली.

२७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडी येथे ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे अंतराळवीर सरावासाठी अपोलो यानात बसले होते. अग्निबाणात इंधन नव्हते, म्हणून ही चाचणी धोक्याची गणलीच गेली नाही! यानात मात्र शुद्ध प्राणवायू, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला. भोवती नायलॉनच्या जाळ्या. आग लागताच आतला दाब वाढला आणि आत उघडणारे दार हलेना. बाहेरच्यांना ते उघडायला सुमारे पाच मिनिटे लागली. तिघेही गेले.

वक्तृत्व स्पर्धेत आपण याला विज्ञानासाठी बलिदान म्हणून टाळ्या घेतो. मला ते पटत नाही. उड्डाणातला धोका त्यांनी पत्करला होता. जमिनीवरचा हा धोका कुणी मोजलाच नव्हता. सोव्हिएत संघाचा बोंडारेन्को १९६१ मध्ये अशाच प्राणवायूच्या कोठडीत भाजून मेला, आणि ते १९८६ पर्यंत जगापासून लपवले गेले. त्यालाही बलिदानच म्हणायचे?

वडिलांनी विचारले, "दार आत का उघडायचं?" अंतराळात आतल्या दाबाने घट्ट बसावे म्हणून, मी म्हणालो. ते गप्प राहिले. पुढच्या यानांचे दार बाहेर, काही सेकंदांत उघडू लागले आणि उड्डाणापूर्वी प्राणवायूत नायट्रोजन मिसळू लागले.