सराबांदचे मूळ खाते

बाखने एकट्या चेलोसाठी रचलेल्या सहाही स्वीट्समध्ये ‘सराबांद’ आहे. तीन मात्रांचे, संथ आणि गंभीर असे हे नृत्यसंगीत ऐकताना एखाद्या प्रार्थनेचाच भास व्हावा. याच सराबांदच्या पूर्वजाला स्पेनमध्ये १५८३ साली बंदी झाली होती. गाणाऱ्यास दोनशे फटके, शिवाय पुरुषास सहा वर्षे गलबतावर वल्ही मारण्याची सक्तमजुरी आणि स्त्रीस हद्दपारी, अशी शिक्षा होती. चाल तेव्हा द्रुत होती आणि अंगविक्षेप धर्मगुरूंना न रुचणारे होते. पुढे फ्रान्समध्ये ती मंदावली, दरबारी झाली आणि तिचा पूर्वेतिहास कोणी फारसा विचारला नाही.

नावाची पहिली नोंद मात्र युरोपातील नाही. १५३९ सालच्या, पनामातील एका हस्तलिखित कवितेत ती सापडते. अर्थात नोंद जिथे सापडली तिथेच मालाची निपज झाली, असे कोणताही सावध हिशेबनीस म्हणणार नाही.

कॅटलन वादक जॉर्डी सव्हाल यांनी मेक्सिकोच्या ‘तेंबेंबे’ या वाद्यवृंदासह केलेल्या मैफली या दृष्टीने मोलाच्या आहेत. सतराव्या शतकातील गिटारच्या पुस्तिकांत बहुधा स्वरसमूहांची अक्षरे आणि हात वर-खाली नेण्याच्या खुणा एवढेच असते. लय कशी खेळवावी, हे कागद सांगत नाही. उलट व्हेराक्रूझ प्रांतात ‘हाराना’ हे छोटे वाद्य आजही घरोघरी, थोरांचे पाहून शिकले जाते. त्याच्या तारांची रचना जुन्या बरोक गिटारसारखीच पाच गटांची, आणि लाकडी फळीवर टाचांचा ताल धरणारे नर्तक सोबतीला असतात. पोथी एकाकडे आणि मुखपरंपरा दुसऱ्याकडे, असा हा व्यवहार आहे.

यात एक धोका संभवतो. मेक्सिकोचे लोकसंगीत म्हणजे तीन शतके कुलूपबंद राहिलेली ठेव नव्हे. तेही बदलले आहे, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या तालांचा त्यात मोठा वाटा आहे. मेक्सिकन वादकाला केवळ ‘जिवंत पुरावा’ म्हणून मंचावर बसवणे अन्यायाचेच ठरेल. या मैफलींत तसे होत नाही. जुन्या स्पॅनिश चालीवर तेंबेंबेचे वादक आपल्या गावचे कडवे बेलाशक गातात, आणि सव्हाल आपल्या व्हायोला द गांबावर त्यांना साथ करतात.